पंबरनचा जेवायचा हात

परवा पहाटे गारव्यानं जाग आली. चेन्नईत 'गारवा' हा शब्द उच्चारायला थोडं धाडसच लागतं. पारा बाविसाच्या आसपास उतरला की इथली माणसं माकडटोप्या घालून फिरायला निघतात. मी मूळची कराडची, डिसेंबरात कृष्णेच्या घाटावर दात वाजवत मोठी झालेली. पहिल्या वर्षी मी या माकडटोप्यांना पोट धरून हसले होते. आता आठव्या वर्षी मीही शाल गुंडाळून गॅलरीत उभी असते, आणि कराडच्या आईला फोनवर सांगते की इथं बाई भलतीच थंडी पडलीय. आई हसते. हसू दे.

खाली रस्त्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला, मग झाडूचा. कुणीतरी फाटकासमोर वाकून कोलम काढत होतं. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी तांदळाच्या पिठाची रेघ. दुरून देवळातला लाउडस्पीकर ऐकू येत होता. मार्गळीचा, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराचा, महिना लागला होता. आणि फोनवर वैदेहीचा मेसेज आला होता : 'अक्का, संडे पानाला या. आजोबा सांगितले. मस्ट.'

हा मेसेज वाचला आणि मला नुंगंबाक्कमची गॅलरी, हातातली कॉफी, सगळं विसरायला झालं. मी थेट सात वर्षांपूर्वीच्या मैलापूरच्या त्या घरात जाऊन पोचले.

तेव्हा मी राव मामांची भाडेकरू होते. खाली मामा, त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात वैदेही. वर गच्चीलगतच्या खोलीत मी. मुलगा-सून दोघंही आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात नोकरीला. उजाडायच्या आत डबे घेऊन निघायचे आणि दिवेलागणीला परतायचे. दिवसभर घरात आजोबा आणि नात. मामा तंजावरकडचे मराठी. खोली बघायला गेले तेव्हा मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तूं मराठी बोल गे. मलाही येतें." मी चाटच पडले. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. वाक्याच्या शेवटी 'शरी' आलं म्हणजे बोलणं पक्कं झालं. मला 'अम्मा' म्हणायचे आणि वैदेहीला लाडानं 'कण्णा'.

मामा रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. उभं आयुष्य पुलांचे नकाशे काढले. बायको गेल्यावर स्वयंपाक शिकले आणि तोही नकाशासारखाच करत. छोटे सांबाराचे कांदे सोलून, एकाच मापाचे निवडून, रांगेत मांडून ठेवायचे. मी समोर पाटावर बसून ते बघत असे. डाव्या हातात सुरी धरून ते भराभर कांद्याची शेंडी उडवत. मी हे रोज पाहिलं. माणसांचे हात बघणं हा तर माझा धंदा! आणि तरीही त्यात बघण्यासारखं काही आहे हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

माझा धंदा म्हणजे कार्टून. आई नातेवाइकांना सांगताना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' असं म्हणायची, तो भाग वेगळा. नुंगंबाक्कमच्या एका स्टुडिओत आम्ही मुलांसाठी एक नवी मालिका करत होतो. तिचा नायक पंबरन. पंबरम म्हणजे तमिळमध्ये भोवरा. हा आमचा वीर कमरेला दोरी गुंडाळायचा, हिसका मारून ती ओढायचा आणि गरगर फिरत सुटायचा. मग समोर राक्षस असो की वादळ, त्याची खैर नाही. छातीवर भोवऱ्याचं चिन्ह, खाली 'पं' हे अक्षर. पहिलाच एपिसोड, अकरा मिनिटांचा. पोंगलला टीव्हीवर दाखवायचा ठरला होता.

मला वाटलं होतं मारामाऱ्या माझ्या वाट्याला येतील. त्या सगळ्या प्रभूला मिळाल्या. प्रभू माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि तोंडानं धाडधूड आवाज काढत चित्रं काढायचा. मला काय मिळालं? शेवटचा प्रसंग. राक्षस हरला, गाव वाचलं, आणि भुकेला पंबरन गावातल्या मुलांच्या पंगतीत बसून केळीच्या पानावर सांबार-भात जेवतो. बारा सेकंद नुसतं जेवण. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. आमची दिग्दर्शिका सेल्वीअक्का तमिळ-इंग्रजीची खिचडी बोलायची. तिनं माझं तोंड बघून म्हटलं, "मारामारी कुणीही काढेल. भूक काढून दाखव."

भूक काढणं सोपं नसतं. भाकरी मोडून खाणाऱ्या मुलीला तर मुळीच नाही. पहिल्यांदा मामांकडे पानावर जेवले तेव्हा माझं रसम धावत धावत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं होतं. वैदेही खो खो हसली होती. मामांनी मला भाताचा बांध घालून रसम कसं अडवायचं ते दाखवलं, पूल बांधणाऱ्या माणसाच्या गांभीर्यानं. ते सगळं आता कामी आलं. आमच्या स्टुडिओत प्रत्येक टेबलावर एक आरसा असतो. पात्राचे हावभाव काढायचे म्हणजे आधी आरशात बघून ते स्वतः करायचे. त्यामुळे एरवीही तिथं शहाणीसुरती माणसं आरशासमोर दात विचकत, भुवया नाचवत बसलेली असतात. मी चार दिवस डबा घेऊन आरशासमोर बसले. बोटं भाताखाली कशी सरकतात, अंगठा घास कसा पुढे ढकलतो, भूक लागली असेल तर मान हाताकडे कशी धावते, हे बघून बघून काढलं. प्रभूनं जाहीर केलं की पंबरनच्या आधी हीच गोल होणार.

इकडे घरात मात्र जेवणाचं काही खरं नव्हतं. वैदेही डावखुरी. चित्रं डाव्या हातानं, चेंडू डाव्या हातानं. मार्गळी लागल्यावर पहाटे ती फाटकासमोर कोलम काढायची तोही डाव्याच हातानं. तिची रेघ अशी एकसंध सुटायची की मी वरून बघत राहायचे. मामा शेजारी पिठाची वाटी धरून उभे असत आणि बरोबर त्या वेळी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांना काहीतरी दिसत असे. कोलमचा हात ते पाहायचेच नाहीत. पानावरचा हात मात्र त्यांना दिसल्यावाचून राहत नसे. तिचा डावा हात पानाकडे गेला की मामा अगदी हळू म्हणत, "तो हात नव्हे, कण्णा." आवाज कधी चढला नाही. रागावणं तर दूरच. पण घासागणिक ते वाक्य असायचं. उजव्या हातानं तिचा भात सांडायचा, फ्रॉकवर ओघळायचा, शाळेत मुलं हसायची. मग तिनं सोपा मार्ग काढला. भूक नाही म्हणायची. डबा भरलेला परत यायचा. दसऱ्याला घेतलेला परकर नाताळात तिच्या कमरेवरून घसरू लागला. डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं. मामा तिच्या आवडीचं रोज एक काहीतरी करत आणि ती चार शितं चिवडून उठे. पानं रिकामी होताना बघायची सवय असलेला तो माणूस भरल्या पानाकडे बघत बसायचा. मला सगळं दिसत होतं. पण मी पडले भाडेकरू. मी बोलले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

एका रविवारी मी तिला खूश करायला लॅपटॉप खाली घेऊन गेले. काम बाहेर दाखवायचं नसतं, पण म्हटलं, सात वर्षांची मुलगी कुणाला सांगणार आहे! रंग भरायचे होते, नुसत्या रेघांचा पंबरन. तो पानावर बसला, एकदा आजूबाजूला पाहिलं, आणि जेवू लागला. वैदेहीनं ते बारा सेकंद पाच वेळा बघितलं. मग उठून हात धुवायला गेली. मला वाटलं, पोरीला मारामारी हवी होती.

मग पानं वाढली. मामांनी सांबार घातलं. वैदेहीनं डावा हात पुढे केला आणि सरळ भातात घातला.

"तो हात नव्हे, कण्णा."

"पंबरनचा तोच आहे," ती म्हणाली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. आरसा! मी उजव्या हातानं जेवत होते, आरशातली मीरा डाव्या. मी तिचीच नक्कल उतरवली होती. अ‍ॅनिमेशनच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ही गोष्ट. बोटांच्या नादात मी हात विसरले होते.

मामा म्हणाले, "शरी. आज जेव." ती जेवली. दोनदा भात मागून घेतला, पान बोटानं निपटून घेतलं, आणि ढेकर देऊन माझ्याकडे बघून हसली. कितीतरी दिवसांनी ते पान रिकामं झालं होतं.

संध्याकाळी जिन्यात मामा भेटले. "अम्मा, ती चूक आहे ना?"

"हो मामा. आरशामुळे झाली."

"दुरुस्त करिशील ना? लेकरें पाहतात तें शिकतात. उद्यां लग्नकार्यांत, पंक्तींत, चार लोक हिला बोलतील. तें मला सोसणार नाहीं."

मी म्हटलं, "करते."

सोमवारी मी करायला बसले. संध्याकाळपर्यंत बसले. एक रेघ बदलली नाही. मंगळवारी सगळ्यांनी मिळून एपिसोड बघितला आणि व्हायचं तेच झालं. सेल्वीअक्कानं पडदा थांबवला. "हा कोणत्या हातानं जेवतोय?" सगळी खोली हसली. प्रभू तर टेबलावर डोकं ठेवून हसला. कुणीतरी म्हणालं, शॉट उलटा फिरवा, पाच मिनिटांचं काम. फिरवून बघितला. हात उजवा झाला, पण छातीवरचं 'पं' उलटं झालं, आणि केळीच्या पानाचं टोक पंबरनच्या उजव्या बाजूला गेलं. अक्षर एक वेळ बदलता आलं असतं. पानाचं टोक उजवीकडे? चेन्नईतल्या कुठल्याही घरात पाहुण्यापुढे पान असं मांडलं तर पाहुणा उठून जाईल. तिथंही सगळे हसले. सेल्वीअक्का म्हणाली, "मीरा, शुक्रवारपर्यंत नवा काढ."

मी म्हटलं, "अक्का, असाच ठेवला तर?"

"ही चूक आहे की तू ठरवून केलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण सेल्वीअक्कापुढे खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. "चूकच होती," मी म्हणाले. "रविवारपर्यंत." आणि मी वैदेहीचं सगळं सांगितलं. डबा, परकर, कोलम, 'तो हात नव्हे', आणि दोनदा मागून घेतलेला भात. हे सगळं बारा सेकंदांच्या कार्टूनबद्दल चाललं आहे याचं मला काही वाटत नव्हतं.

सेल्वीअक्कानं पेन्सिल कानामागे खोचली आणि शॉट पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाली, "एकाच शॉटमध्ये डावा हात असेल तर लोक चूक म्हणतील. पहिल्या मिनिटापासून असेल तर म्हणतील, तो तसाच आहे. दोरी कुठल्या हातानं ओढतो हा?"

"उजव्या," प्रभू म्हणाला, आणि पुढचं कळून त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. दोरीचे चौदा शॉट होते. चौदाही त्याचे.

तो उखडला. डाव्या हातानं ओढलं तर भोवरा उलटा फिरेल, माझे आठ आठवडे पाण्यात, हिच्या आरशापायी मी का मरू, वगैरे सगळं बोलून झालं. बोलून झाल्यावर त्यानं खुर्ची ओढली आणि पहिला शॉट उघडला. गरगर फिरणं तर चित्रं शेवटून सुरुवातीकडे चालवली की उलटं होत होतं, पण हिसका नव्यानं काढावा लागणार होता. मी त्याच्या शेजारी बसून अर्धे काढले. आठ दिवस आम्ही दोघं आरशासमोर उभं राहून डाव्या हातानं कमरेला गुंडाळलेली ओढणी ओढत होतो. आणि आता प्रत्येक वेळी आरसा कुठला हात दाखवतोय ते मोठ्यानं म्हणत होतो. सेल्वीअक्कानं चॅनेलवाल्यांना काय सांगितलं, ते मला माहीत नाही. त्या फोनच्या वेळी तिनं काचेचं दार लावून घेतलं होतं. एवढंच दिसलं की ती उभी राहून बोलत होती.

त्या आठ दिवसांत मी मामांना टाळलं. पहाटे ते कोलमपाशी उभे असत म्हणून मी उशिरा निघायचे. घरात वैदेहीचं जेवण पुन्हा पहिल्यासारखंच झालं होतं, कारण मामांच्या लेखी चूक दुरुस्त होणार होती. मीच तर तसा शब्द दिला होता. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "झालें काय गे तें?" मी म्हटलं, "झालं, मामा." ते म्हणाले, "शरी." मला रात्रभर ते 'शरी' टोचत राहिलं.

पोंगलच्या सकाळी अंगणात मातीच्या मडक्यातलं दूध उतू गेलं, सगळ्यांनी 'पोंगलो पोंगल' म्हणून ओरडून घेतलं, आणि मग सगळं घर टीव्हीसमोर बसलं. मुलगा-सून सुट्टीवर होते. वैदेही अगदी पुढे, जमिनीवर. मामा त्यांच्या वेताच्या खुर्चीत. मी दाराजवळ, म्हणजे पळून जाता येईल अशी.

पहिल्याच मिनिटाला पंबरननं डाव्या हातानं दोरी ओढली. वैदेहीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहायचं टाळलं. राक्षस आला, छपरं उडाली, प्रभूचा भोवरा उलटा फिरला आणि काय फिरला! मग गाव शांत झालं, पंगत बसली, आणि पंबरननं डाव्या हातानं पहिला घास घेतला. शेजारची मुलं उजव्या हातानं जेवत होती. वाढणारी बाई आली आणि त्याच्या पानावर आणखी भात वाढून पुढे गेली. इतकंच. अकरा मिनिटं संपली, साबणाची जाहिरात लागली.

मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. मामा जाहिरातीकडेच बघत होते.

"अम्मा," ते म्हणाले, "पंक्तींत एवढे लोक होते."

"हो मामा."

"त्याला कोणी कांहीं म्हटलें नाहीं?"

"नाही, मामा. कुणीच नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मला म्हणत असत," ते म्हणाले. "डावा हात कमरेच्या करगोट्याला बांधीत असत. जेवण होईपर्यंत." मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. आणि मला ते कांदे आठवले, ती सुरी आठवली. पंगतीत बांधलेला तो हात स्वयंपाकघरात मात्र आपलं आपलं काम करत होता. मी रोज समोर बसून ते पाहत होते. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या दिवशीची पानं मामांनी स्वतः मांडली. वैदेहीनं हात पुढे केला. डावा. मामांनी तिच्या पानावर गोड पोंगल वाढलं, वर तूप सोडलं आणि म्हणाले, "सावकाश जेव, कण्णा. गरम आहे."

एपिसोडबद्दल दोन-चार तक्रारी आल्या, त्या सेल्वीअक्कानं तिच्या खणात घातल्या. पंबरन पुढे बरीच वर्षं डावा राहिला. मी घर बदललं, प्रभू बंगळुरूला गेला. वैदेही आता चौदा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा बरी चित्रं काढते आणि मराठी आजोबांशी आणि माझ्याशीच काय ती बोलते. असलं सगळं आठवत रविवारी मी मैलापूरला गेले. फाटकासमोरचा कोलम अजून कुणी तुडवला नव्हता.

मामा थकले आहेत. गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरतो. घास तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडतो. 'पानाला या' हे बोलावणं कशासाठी होतं, ते मला तिथं गेल्यावर सुनेकडून कळलं. मामा दोन आठवडे धड जेवलेले नव्हते. भूक नाही म्हणत होते. चमच्यानं भरवू म्हटलं तर तोंड फिरवत. वैदेही म्हणाली होती, मीराअक्काला बोलवा, बाकी माझ्याकडे लागलं; मेसेजमध्ये आजोबांचं नावही तिनंच घातलं होतं.

आम्ही टेबलाशी बसलो. मामांच्या पानावर सांबार-भात. त्यांनी उजवा हात उचलला. तो कापत पानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. सगळे दुसरीकडे बघू लागले. वैदेही मात्र उठली, त्यांच्या खुर्चीमागे गेली आणि त्यांचा तो थरथरता हात अलगद उचलून मांडीवर ठेवला.

"तो हात नव्हे, आजोबा," ती अगदी हळू म्हणाली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी माझा डावा हात भातात घातला. वैदेहीनं जागेवर येऊन तिचा घातला. आवडीहून दमून येणाऱ्या तिच्या आईनं आणि बाबांनीही, जरासं लाजत, घातला. माझं रसम पहिल्या दिवसासारखं टेबलभर धावलं, सुनेचा भात मांडीवर पडला, सगळे हसू लागले. मामा त्या हसण्याकडे बघत होते. मग त्यांचा डावा हात वर आला. त्यानं भाताचा बांध घातला, सांबार अडवलं, बोटं भाताखाली सरकली, अंगठ्यानं घास पुढे ढकलला. एक शीतही सांडलं नाही.

चावून झाल्यावर त्यांनी पान वैदेहीकडे थोडं सरकवलं.

"आणखी वाढ, कण्णा," ते म्हणाले.